एलिस आयलंडच्या कारकुनावर उगाच आळ

अमेरिकेत घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट: पणजोबा बोटीतून उतरले, एलिस आयलंडवरच्या, म्हणजे परदेशातून येणाऱ्यांची तपासणी होई त्या ठाण्यावरच्या, कारकुनाला त्यांचं आडनाव काही उच्चारता येईना, मग त्यानं भलतंच लिहून टाकलं. गोष्ट झकास आहे, पण नावं अशी बदलली जात नव्हती.

१८९२ साली न्यूयॉर्क बंदरात सुरू झालेल्या या ठाण्यावर नावं नव्यानं लिहून घेतच नसत. उतारूंची यादी बोटकंपनीचे लोक युरोपातच, हॅम्बुर्ग किंवा लिव्हरपूलला, तयार करत. इथले अधिकारी फक्त ती पडताळून पाहत आणि मदतीला दुभाषे असत. पुढे न्यूयॉर्कचा महापौर झालेला फिओरेलो ला गार्दिया त्यांतलाच एक.

मग नाव बदललं कुणी? बहुतेकदा खुद्द पणजोबांनीच, कामाधंद्यात सोयीचं पडावं म्हणून! त्याचा माग काउंटी (म्हणजे जिल्हा) कोर्टाच्या दप्तरात लागू शकतो. १९०६पर्यंत ही कोर्टं नागरिकत्वाचे कागद आपापल्या पद्धतीनं करत. कित्येकदा नाव आणि देश, बस्स. त्या वर्षीच्या कायद्यानंतर एकसारखे छापील अर्ज आले. त्यांत जन्मगाव, बोट, आल्याची तारीख असं सगळं सापडतं. बोटीच्या यादीत मात्र जुनंच आडनाव शोधायचं.