लहान मुलांसह युरोपात रस्त्याने संथ सहल: शेंगेन व्हिसा, वाहन परवाना आणि गाडीची कागदपत्रं

बहुतेक कुटुंबं व्हिसाच्या फॉर्मपासून सुरुवात करतात आणि मग फॉर्मला साजेशी सहल आखत बसतात. मला हे उलटं वाटतं. लहान मुलं सोबत असतील तर आधी मुक्काम ठरवा. कोणत्या देशात किती रात्री राहणार, हे कागदावर पक्कं झालं की अर्ज कुठे करायचा, व्हिसा एकवेळच्या प्रवेशाचा हवा की अनेकवेळचा, गाडी कुठे घ्यायची आणि विमा किती दिवसांचा, ही सगळी उत्तरं त्यातूनच मिळत जातात.

आमच्या एकवीस रात्रींच्या सहलीच्या वेळी धाकटं मूल दोन वर्षांचं होतं आणि थोरलं पाच. एका दिवसात दोन-अडीच तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही आणि एका ठिकाणी किमान तीन रात्री राहायचं, एवढे दोनच नियम आम्ही ठरवले होते. सहल निवांत झालीच, शिवाय अर्जही सोपा झाला. व्हिसासाठी प्रत्येक रात्रीच्या निवासाचा पुरावा द्यावा लागतो. रोज नवं गाव धरलं तर एकवीस रात्रींची एकवीस बुकिंगं जोडावी लागतात आणि एखादी तारीख चुकली की शंका घ्यायला जागा होते. आमची पाचच होती.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा

शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतल्या सीमांवर नियमित तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, सध्या २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये आला. रुमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमाही जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. रस्त्याने फिरणाऱ्यांनी नकाशा आधी या नजरेने पाहावा.

व्हिसा एकच लागतो, पण अर्ज मुख्य गंतव्य देशाकडेच करायचा असतो. सहलीसाठी मुख्य गंतव्य म्हणजे जिथे सर्वाधिक दिवस राहणार तो देश. दिवस समान असतील तर जिथे पहिला प्रवेश होणार तो. एरवी विमान कुठे उतरतं याच्याशी याचा संबंध नाही, आणि बरेच जण नेमके इथेच चुकतात.

आमचंच उदाहरण घ्या. विमान व्हेनिसला उतरणार होतं. एकवीस रात्रींपैकी स्लोव्हेनियात आठ, ऑस्ट्रियात सात आणि इटलीत सहा. म्हणजे अर्ज स्लोव्हेनियाकडे. मग स्लोव्हेनियातल्या ब्लेडच्या तळ्याकाठच्या दोन रात्री कमी करून ऑस्ट्रियातल्या फिलाखजवळ घालाव्यात असं मनात आलं. तसं केलं असतं तर सहा, नऊ, सहा असा हिशोब झाला असता आणि अर्ज ऑस्ट्रियाकडे गेला असता. दोन रात्री इकडच्या तिकडे झाल्या की दूतावास बदलतो. म्हणून रात्रींचा तक्ता पेन्सिलने करा, घरच्या सगळ्यांच्या नजरेखालून घाला आणि मगच भेटीची वेळ घ्या. फॉर्ममध्ये मुख्य गंतव्याचा देश आणि प्रथम प्रवेशाचा देश असे दोन वेगळे रकाने आहेत. आमच्या फॉर्ममध्ये पहिल्यात स्लोव्हेनिया होता आणि दुसऱ्यात इटली, आणि त्यात काहीही वावगं नाही.

वाटेत शेंगेनच्या बाहेर पाऊल पडणार असेल, म्हणजे क्रोएशियातून मॉन्टेनेग्रो किंवा बॉस्नियात जाऊन परत यायचं असेल, तर एकवेळच्या प्रवेशाचा व्हिसा चालत नाही. अनेकवेळच्या प्रवेशाचाच मागा. पूर्वी दुब्रोव्निकला रस्त्याने जाताना नेउमजवळ बॉस्नियाचा छोटा पट्टा ओलांडावा लागे. २०२२ मध्ये पेल्येशाट्सचा पूल खुला झाल्यापासून पूर्ण वाट क्रोएशियातूनच काढता येते, फक्त दिशादर्शकावर ती निवडलेली आहे ना ते पाहा.

पात्रता, मुदती आणि शुल्क

अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. प्रवेशाचा दिवस आणि बाहेर पडण्याचा दिवस दोन्ही मोजले जातात, म्हणून एकवीस रात्रींची सहल बावीस दिवसांची धरा.

पासपोर्ट मागच्या दहा वर्षांतला हवा, शेंगेनमधून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. मोठ्यांच्या बाबतीत हे सहसा जुळतं. अडतं ते मुलांचं, कारण मुलांच्या पासपोर्टची मुदत बहुतेक ठिकाणी कमी असते. तान्हेपणी काढलेला पासपोर्ट नेमका सहलीच्या महिन्यात संपायला येतो. सगळ्यात आधी तो उघडून पाहा. नूतनीकरण करावं लागलं तर बाकी सगळं त्याच्या मागे सरकतं.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ही मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढू शकते. लहान मुलं असलेल्या घराने शेवटच्या पंधरा दिवसांवर विसंबू नये. निदान दोन-तीन महिने हाताशी ठेवा, कारण भेटीच्या आदल्या रात्री एखाद्याला ताप येतोच.

जून २०२४ पासून मोठ्यांचं शुल्क ९० युरो आहे आणि सहा ते बारा वर्षांखालील मुलांचं ४५ युरो. सहा वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. शुल्क माफ आहे म्हणून अर्जही माफ आहे असं मात्र नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाचाही स्वतंत्र पासपोर्ट, स्वतंत्र फॉर्म आणि स्वतंत्र फोटो लागतो. बोटांचे ठसे बारा वर्षांखालील मुलांचे घेत नाहीत. मूल सोबत आणायचं की नाही, हे भेटीची वेळ घेतानाच विचारून ठेवा.

कागदपत्रं

प्रत्येकाचा भरलेला आणि सही केलेला फॉर्म. अल्पवयीन मुलाच्या फॉर्मवर ज्यांच्याकडे मुलाचा ताबा आहे त्या पालकांची सही. पासपोर्ट आणि फोटो. येण्याजाण्याचं तिकीट किंवा आरक्षण. प्रत्येक रात्रीच्या निवासाचा पुरावा, ज्यावर मुलांसकट सगळ्यांची नावं किंवा निदान माणसांची संख्या बरोबर असावी. गाडीचं आरक्षण. खर्च पेलण्याइतकी रक्कम आहे हे दाखवणारी बँकेची विवरणपत्रं, नोकरी किंवा व्यवसायाचा पुरावा, रजेचं पत्र. शाळेत जाणाऱ्या मुलासाठी शाळेचं पत्र. आणि मुलांचे जन्मदाखले.

वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा, तो सगळ्या शेंगेन देशांत आणि सहलीच्या सगळ्या दिवसांत लागू हवा, आणि उपचार, रुग्णालय तसंच मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यात यायला हवा. कुटुंबाची एकच पॉलिसी घेतली असेल तर त्यावर प्रत्येक मुलाचं नाव पासपोर्टवरच्या अक्षरांप्रमाणेच आहे ना, ते एकेक अक्षर लावून पाहा.

सोबत एक पानाचं पत्र जोडा, असं मी आग्रहाने सांगेन. संथ सहलीचं वेळापत्रक वरवर पाहणाऱ्याला विचित्र वाटू शकतं. एका छोट्या गावात पाच रात्री कशाला? त्या पत्रात साध्या शब्दांत लिहा: मुलं दोन आणि पाच वर्षांची आहेत, दिवसाला दोन-अडीच तासांपेक्षा जास्त गाडी चालवणार नाही, म्हणून मुक्काम लांब आहेत. खाली तारीख, गाव, निवास आणि अंतर असा छोटा तक्ता. तो तक्ता आणि बुकिंगं तारखेनिशी जुळली पाहिजेत.

एकच पालक सोबत असेल तर

इथे घाई करू नका. मूल आईसोबत किंवा बाबांसोबत एकटं जाणार असेल, किंवा आजी-आजोबांसोबत, तर न येणाऱ्या पालकांचं संमतिपत्र लागतं. त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, देश, सोबतच्या व्यक्तीचं नाव आणि संमती देणाऱ्याचा संपर्क हवा, आणि ते नोटरी केलेलं असावं. काही देश त्यावर १९६१ च्या हेग करारानुसार अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, मागतात किंवा आपल्या भाषेत भाषांतर मागतात. एकच पालक हयात असेल किंवा मुलाचा ताबा एकाकडेच असेल तर त्याचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश जोडावा.

व्हिसा मिळाला म्हणून हे पत्र घरी ठेवू नका. सीमेवरचा अधिकारी ते पुन्हा मागू शकतो. आई आणि मुलाचं आडनाव वेगळं असेल तर जन्मदाखल्याची प्रतही हातातल्या पिशवीत असू द्या.

वाहन परवाना

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना म्हणजे आपल्या मूळ परवान्याचं मान्यताप्राप्त भाषांतर. मूळ परवान्याशिवाय त्याला किंमत नाही, दोन्ही सोबत ठेवावे लागतात. ज्या देशाने मूळ परवाना दिला तिथलीच अधिकृत यंत्रणा तो देते. इंटरनेटवर काही मिनिटांत ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ विकणाऱ्यांकडून घेतलेलं कार्ड कायद्याने चालत नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला परवाना एक वर्ष चालतो, १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला जास्तीत जास्त तीन वर्षं. आपल्याकडे कोणता मिळतो आणि जिथे जाणार तिथे तो चालतो का, हे आधी पाहा. इटली आणि ऑस्ट्रिया संघाबाहेरच्या परवान्यासोबत तो किंवा अधिकृत भाषांतर मागतात. घरात दोघं चालवणार असाल तर दोघांचाही काढा. मूल रडत असताना चालक बदलता येणं ही मोठी सोय आहे.

गाडी आणि मुलांची सीट

भाड्याच्या गाडीसाठी मुख्य चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, नवऱ्याचं आरक्षण आणि बायकोचं कार्ड असं सहसा चालत नाही. किमान वय आणि परवाना काढून किती काळ झाला याच्या अटी कंपनीगणिक वेगळ्या. दुसऱ्या देशात गाडी नेणार असाल तर देशांची नावं घालून लेखी परवानगी घ्या. ती नसेल तर विमा लागू न होण्याची भीती असते.

आता सीट. युरोपीय संघात १५० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला योग्य सीट किंवा बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) लागतो. सदस्य देशांना ही मर्यादा १३५ पर्यंत खाली आणता येते आणि ऑस्ट्रियात ती तेवढीच आहे. सीटवर आर-४४ किंवा आर-१२९ या मानकाचं नारिंगी लेबल आणि वर्तुळातलं ई हे अक्षर हवं. घरची सीट नेणार असाल तर ते लेबल शोधा, नसेल तर ती इथे बेकायदा ठरते. आर-१२९ नुसार पंधरा महिन्यांपर्यंत बाळ मागे तोंड करूनच बसवायचं, आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर तशी सीट कधीही लावायची नाही.

इटलीत नोंदलेल्या गाडीत चार वर्षांखालचं मूल असेल तर आणखी एक गोष्ट लागते: मूल सीटवर असताना चालक दूर गेला की इशारा देणारं उपकरण. २०१९ पासून ते बंधनकारक आहे. आमची गाडी व्हेनिसला घेतलेली असल्याने हा नियम आम्हालाही लागू होता.

काउंटरवरचा एक प्रसंग सांगते. आरक्षणात आम्ही मुलांची फक्त वयं लिहिली होती. दोन वर्षांच्या मुलासाठी समोर आला पाठ नसलेला नुसता बूस्टर. आम्ही नकार दिला. दुसरी सीट यायला जवळजवळ तास गेला आणि तोवर धाकटं सुटकेसवर डोकं ठेवून झोपलं. तेव्हापासून मी आरक्षणात वय, उंची आणि वजन तिन्ही लिहिते आणि सीटचा प्रकार ईमेलवर लेखी मागते. काउंटरवर सीट मिळाली की ती पार्किंगमध्येच बसवून पाहा, पट्टा खांद्याच्या उंचीला लावा आणि हाताने जोराने हलवा. रस्त्यावर लागल्यावर हे होत नाही.

रस्त्यावरची कागदपत्रं

स्लोव्हेनिया आणि ऑस्ट्रियात महामार्गासाठी विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा आगाऊ भरलेला रस्ता-कर, लागतं. स्लोव्हेनियात ते २०२२ पासून फक्त इलेक्ट्रॉनिक आहे आणि गाडीच्या क्रमांकाशी जोडलेलं असतं, म्हणून भाड्याची गाडी हातात आल्यावरच घ्या. क्रमांकातलं एक अक्षर चुकलं तरी दंड होतो. स्वित्झर्लंडमध्ये फक्त वार्षिक विन्येट मिळतं, ४० फ्रँकचं. स्लोव्हेनिया आणि ऑस्ट्रियाला जोडणाऱ्या कारावांके बोगद्याचा टोल विन्येटव्यतिरिक्त भरावा लागतो. इटलीच्या जुन्या शहरांत मर्यादित वाहतुकीचे भाग असतात, तिथे परवानगीशिवाय गाडी घातली की कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दंड कंपनीमार्फत काही महिन्यांनी येतो, त्यावर कंपनीचं शुल्क वेगळं. निवास जुन्या गावात असेल तर घरमालकाकडून गाडीच्या क्रमांकाची नोंद करता येते का ते आधी विचारा.

ऑस्ट्रियात त्रिकोण, चमकदार जॅकेट आणि प्रथमोपचार पेटी गाडीत हवीच. १ नोव्हेंबर ते १५ एप्रिलदरम्यान बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायरही.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमेवर नोंदणीची नवी इलेक्ट्रॉनिक पद्धत सुरू झाली आहे. त्यात बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत, फक्त चेहऱ्याचा फोटो. आतल्या सीमांवर नियमित तपासणी नसली तरी ऑस्ट्रिया आणि इटलीने स्लोव्हेनियाकडून येणाऱ्या रस्त्यांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केलेली आहे. कारावांकेच्या तोंडाशी पोलिसाने हात दाखवला तेव्हा आमचे पासपोर्ट डिकीत, मुलांच्या कपड्यांच्या पिशवीखाली होते. मागे गाड्यांची रांग, थोरलं विचारतंय काय झालं, आणि मी डिकी उपसत होते. पुढच्या दिवसापासून चौघांचे पासपोर्ट, दोन्ही परवाने, गाडीची कागदं, सीमेपलीकडे नेण्याची परवानगी आणि जन्मदाखले एका पारदर्शक पाकिटात, माझ्या सीटमागच्या खिशात.