शटर रोज, फीत एकदाच

वाणी रोज सकाळी दुकान उघडतो. त्याच दुकानाचं उद्घाटन मात्र एकदाच झालेलं असतं, फीत कापून आणि पेढे वाटून. कामं दोन म्हणून शब्दही दोन, असं आपण धरून चालतो. भाषाशास्त्र म्हणतं, मूळ एकच.

संस्कृतात 'उद्घाटन' म्हणजे नुसतं उघडणं, मग ते दार असो की झाकण. 'उद्घाटक' तर किल्लीलाही म्हणत. (आजच्या उद्घाटकांना कात्री लागते.) हा शब्द प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडी शेकडो वर्षं घासत गेला. 'द्घ' म्हणून बघा: जीभ आधी दातांना टेकते आणि लगेच तिचा मागचा भाग टाळूकडे उचलावा लागतो. हा खटाटोप टाळायला पहिलं व्यंजन दुसऱ्याच्या जागी सरकलं आणि 'द्घ'चा 'ग्घ' झाला. 'मुद्ग'चा 'मुग्ग' आणि पुढे आपला मूग झाला, तो असाच. मधल्या 'ट'चंही तेच. स्वर उच्चारताना कंठातले स्वरतंतू थरथरत असतात. 'ट'साठी ती थरथर क्षणभर थांबवावी लागते, 'ड'साठी नाही. म्हणून दोन स्वरांमधला 'ट' मऊ पडला. 'कटु'चं कडू, 'घोटका'चा घोडा आणि 'उग्घाड'वरून उघडणे.

मूळ शब्द पोथ्यांमध्ये जसाच्या तसा राहिला होता. तो पुढे पुन्हा उचलला गेला, पण समारंभासाठी. अशा जोड्या मराठीत बऱ्याच आहेत. 'क्षेत्र' आणि 'शेत' घ्या: शेतात माणूस राबतो, क्षेत्रात 'कार्य' करतो! झिजलेला शब्द घरात वापरायचा, कोरा व्यासपीठावर.

व्यासपीठावरही वाटण्या कडक आहेत. पुतळ्याचं अनावरण, पुस्तकाचं प्रकाशन, नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग, चित्रपटाचा मुहूर्त. पुलांचं आणि रस्त्यांचं हल्ली 'लोकार्पण' होतं. उद्घाटन उरतं ते दुकान, दवाखाना, प्रदर्शन, संमेलन यांच्यासाठी.

आणि फलकांवर ते हमखास चुकतं. 'द'च्या पोटाखाली लटकणारा 'घ' बारीक छपाईत 'ध'सारखा दिसतो, त्यामुळे कोनशिलेवर चक्क 'उद्धाटन' कोरलेलं सापडतं. कोरणाऱ्यानं दगडाला छिन्नी लावण्याआधी एकदा 'उघडणे' म्हणून बघितलं असतं, तर त्यातला 'घ' त्याला स्वच्छ ऐकू आला असता.