उत्तर रोमन काळातली अनधिकृत ब्राँझ नाणी आणि त्यांचा संग्रह

साधारण इ.स. २६० ते ४०० या काळात रोमन साम्राज्यात सरकारी टांकसाळीबाहेर पाडलेली जी छोटी ब्राँझची नाणी सापडतात, ती जमवणं आणि त्यांचा अभ्यास करणं हा नाणेसंग्रहातला एक स्वतंत्र प्रांत आहे. ही नाणी सगळ्यात जास्त मिळतात ती ब्रिटन आणि गॉलमध्ये, म्हणजे आजचं इंग्लंड, फ्रान्स, बेल्जियम या पट्ट्यात. दिसायला ओबडधोबड, अक्षरं अर्धवट किंवा उलटी, सम्राटाचा चेहरा लहान मुलाने काढल्यासारखा, त्यामुळे बरीच वर्षं व्यापारी ही नाणी "किरकोळ" म्हणून बाजूला टाकायचे, आणि आजही काही जण त्यांना सरळ खोटी नाणी म्हणून मोकळे होतात, पण तसं म्हणणं चूक आहे. लोकांना फसवण्यासाठी काही पाडली गेलीच असतील, पण बहुतेक नाणी बाजारात सुट्टे पैसेच उरले नाहीत म्हणून पाडली गेली, आणि घेणाऱ्यालाही ती सरकारी नाहीत हे नाणं हातात घेताच कळत असणार, कारण काही तर शर्टाच्या बटणापेक्षाही लहान आहेत.

याची पहिली मोठी लाट तिसऱ्या शतकातली. २६० मध्ये पोस्टुमस या रोमन सेनापतीने गॉल साम्राज्यापासून वेगळं काढलं, पुढे त्याच्या गादीवर व्हिक्टोरिनस आणि टेट्रिकस आले, आणि तोपर्यंत अँटोनिनियानस नावाच्या नाण्यातली चांदी इतकी कमी झाली होती की ते जवळजवळ ब्राँझचंच नाणं होतं. २७४ मध्ये रोमचा सम्राट ऑरेलियनने गॉल परत जिंकलं, आणि त्याच सुमाराला नवीन, जरा बरं नाणं आणलं, पण ते वायव्येकडे पुरेसं पोचलंच नाही. जुनी टेट्रिकसची नाणी चालत राहिली, कमी पडायला लागली आणि मग ठिकठिकाणी लोकांनी त्यांच्या नकला पाडल्या. सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट असतो म्हणून संग्राहक यांना बार्बरस रेडिएट (म्हणजे "रानटी" किरणमुकुटवाली) म्हणतात. टेट्रिकस आणि त्याचा मुलगा, व्हिक्टोरिनस, आणि मेल्यानंतर देव ठरवलेला क्लॉडियस दुसरा (त्याच्या नाण्यावर वेदी किंवा गरुड असतो) हे नकलाकारांचे आवडते नमुने. मागच्या बाजूची देवी नकलेच्या नकलेत चार काड्या जोडल्यासारखी होत जाते, आणि नमुना ओळखता ओळखता तास कसा जातो कळत नाही. फ्रान्समध्ये शातोब्लो इथे अशा नाण्यांच्या कार्यशाळांचे अवशेष उत्खननात मिळालेत, त्यामुळे हे काम कुणी चोरून अंधारातच करत होतं असं सरसकट म्हणता येत नाही.

दुसरी लाट कॉन्स्टंटाइनच्या घराण्याच्या काळातली. ३३० पासून दोन सैनिक आणि मध्ये निशाणं असलेलं ग्लोरिया एक्झर्सितुस, लांडगीण आणि जुळी मुलं असलेलं उर्ब्स रोमा, आणि कॉन्स्टँटिनोपलच्या नावाचं नाणं, ही तीन नाणी प्रचंड संख्येने पाडली गेली. ३४१ नंतर काही वर्षं नवा पुरवठा आटला की लगेच नकला वाढल्या. यात संकरित नाणी मिळतात, म्हणजे पुढे उर्ब्स रोमाचं शिरस्त्राणवालं डोकं आणि मागे दोन सैनिक, जे सरकारी टांकसाळीत सहसा होत नाही. खाली टांकसाळीची खूण असते, ट्रिअर किंवा ल्योनची, पण नकलाकाराला ती वाचता येत नसावी, तो आकार बघून कोरतो, आणि मग अक्षरं अशी काही होतात की मूळ काय होतं हे सरकारी नाणं शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही.

तिसरी लाट मला स्वतःला सगळ्यात रोचक वाटते. ३४८ मध्ये फेल टेम्प रेपारातिओ ही नवी नाणी आली, त्यातलं घोड्यावरून पडणाऱ्या शत्रूला भाला मारणारा सैनिक हे चित्र सगळ्यात गाजलं. ३५० मध्ये मॅग्नेंशियस या सेनापतीने बंड केलं, ३५३ मध्ये तो संपला, त्याची नाणी चलनातून गेली आणि पश्चिमेकडे परत सुट्ट्यांचा दुष्काळ पडला. मग लोकांनी जुनी नाणी घेऊन त्यांच्यावरच पडलेला घोडेस्वार छापला, मोठी नाणी कापून तुकड्यांवर छापला, किंवा ब्राँझची कांडी ओतून तिच्या चकत्या पाडून त्यावर छापला. ज्या नाण्यावर खालचे जुने सैनिक अजून दिसतात आणि वरून घोडेस्वार आलाय, असं नाणं मिळालं तर ते सोडू नये, कारण कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं याचा पुरावा त्या नाण्यातच आहे. तेव्हाचा सम्राट दुसरा कॉन्स्टँटियस याने नाण्यांच्या अवैध व्यवहाराविरुद्ध कायदाही केला, पण सापडलेली नाणी पाहता त्याने फार फरक पडला असं वाटत नाही.

अगदी चिमुकल्या नाण्यांना मिनिमी म्हणतात. यांच्या काळाबद्दल मोठा घोळ झाला होता. १९२८-२९ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी ब्रिटनमध्ये लिडनी इथे खोदकाम केलं (हेच व्हीलर पुढे आपल्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले आणि १९४५ मध्ये त्यांनी पुद्दुचेरीजवळचं अरिकामेडू खोदलं), तिथे १६०० हून जास्त बारीक नाण्यांचा साठा मिळाला आणि तो रोमन सत्ता गेल्यानंतरचा, पाचव्या शतकातला मानला गेला. नंतरच्या अभ्यासकांनी तो चौथ्या शतकाच्या मध्यावर आणला. म्हणजे नाणं जितकं वाईट तितकं ते उशिराचं, हा हिशोब इथे चालत नाही.

संग्रह करणाऱ्याने सुरुवात सरकारी नाण्यांपासून करावी. ट्रिअरचं चांगलं ग्लोरिया एक्झर्सितुस कसं असतं, अक्षरांची ठेवण, वजन, कडा हे डोळ्यात बसलं की नक्कल ओळखता येते, नाहीतर झिजलेलं सरकारी नाणं नक्कल म्हणून गळ्यात पडतं. वजन आणि व्यास लिहून ठेवायचा, फोटो दोन्ही बाजूंचे, आणि दोन नाणी एकाच ठशातली आहेत का ते तपासत राहायचं, कारण ठसा जुळला तर ती एकाच हाताची. ओतीव नाणी वेगळी ठेवावीत, त्यांच्या कडेला सांधा दिसतो आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं असतात. अशी नाणी ओतायचे चौथ्या शतकाच्या सुरुवातीचे मातीचे साचे इजिप्तमध्ये पुष्कळ मिळालेत. आणि हिरवी भुकटी सुटत असेल तर तो ब्राँझचा रोग, ते नाणं लगेच बाकीच्यांपासून दूर, कोरड्या जागी.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सापडण्याचं ठिकाण. सरकारी नाण्यावर टांकसाळ लिहिलेली असते, इथे ती लिहिलेली नसते किंवा चुकीची असते, त्यामुळे ठिकाण गेलं की अर्धं नाणं गेलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून सामान्य लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद करण्याची सरकारी योजना आहे, आणि तिथल्या कायद्यानुसार ३०० वर्षांपेक्षा जुनी, साध्या धातूची दहा किंवा जास्त नाणी एकत्र मिळाली तर ते खजिना म्हणून कळवावं लागतं. सॉमरसेटमध्ये फ्रोम इथे २०१० मध्ये एकाच मडक्यात ५२,५०३ नाणी मिळाली. तो शोधणारा माणूस मडकं उपसत बसला नाही, त्याने पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं, म्हणून मडक्यात कुठली नाणी कुठल्या थरात होती हे आज सांगता येतं. घाऊक भावात मिळणारी, मातीने भरलेली "न साफ केलेली" नाणी स्वस्त पडतात खरी, पण ती कुठल्या शेतातून उपसली हे विक्रेता सांगत नाही, आणि माझ्या मते ती घेणं टाळावं.

आपल्याकडेही याची एक शाखा आहे. तामिळनाडूत करूरला अमरावती नदीच्या पात्रात आणि मदुराई भागात चौथ्या-पाचव्या शतकातली रोमन ब्राँझ नाणी मिळतात, श्रीलंकेत तर हजारोंनी मिळतात, आणि तिथे त्यांच्या स्थानिक नकलाही झाल्या. ज्यांनी शिवराई जमवली आहे त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल: पेशवाईत टांकसाळींचे परवाने खाजगी लोकांना दिले जायचे, आणि "श्री राजा शिव" ची अक्षरं किती तऱ्हांनी बिघडतात हे आपण पाहिलेलंच असतं. फक्त भारतात सापडलेलं असं नाणं शंभर वर्षांपेक्षा जुनं म्हणून पुरावस्तू ठरतं, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे ते खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही.