डिजिटल साधनांचे शिक्षक-प्रशिक्षण : येण्यापूर्वी वाचावे

प्रशिक्षणाला येताना आपल्या विषयातला एक भाग निवडून आणा. आख्खा धडा नको, मुले दरवर्षी जिथे अडतात तेवढाच तुकडा हवा. उदाहरणार्थ, अपूर्णांकाने भागताना तो उलटा करून का गुणायचे, चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होत नाहीत तर कशामुळे होतात, किंवा एकसर जोडणीत बल्ब मंद का पेटतात. साधन कोणते वापरायचे हे या तुकड्यावरून ठरते. एक गोष्ट बदलली की दुसरी कशी बदलते हे दाखवायचे असेल, तर फेट किंवा जिओजेब्रा या मोफत संकेतस्थळांवरचे सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून पाहायचा प्रयोग, घ्यावे. कृतीचा क्रम शिकवायचा असेल तर छोटा व्हिडिओ, आणि उच्चारांसाठी नुसता ऑडिओही पुरतो. काही तुकडे फळ्यावरच उत्तम समजतात. तुमचा तुकडा तसा असला तर आम्ही तसे सांगू आणि दुसरा निवडायला मदत करू.

सोबत मोबाइल, चार्जर आणि माइक असलेला वायरचा इअरफोन आणा. मोबाइलमध्ये किमान ५ जीबी जागा मोकळी ठेवा. ब्लूटूथ हेडसेट शक्यतो नको. त्याचा माइक सुरू झाला की बहुतेक हेडसेट कॉलच्या दर्जावर उतरतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो.

आधी आवाज

चित्र थोडे धूसर असले तरी विद्यार्थी पाहतो, पण शब्द कळेनासे झाले की व्हिडिओ बंद करतो. म्हणून प्रशिक्षणाच्या दोन सत्रांपैकी पहिल्याचा मोठा भाग आवाजावर जातो. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर हवा. अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, पण खोलीतला घुमारा तेवढाच राहतो. मोबाइल दूर बाकावर ठेवून केलेले रेकॉर्डिंग विहिरीतून आल्यासारखे वाटते ते यामुळेच. नंतर आवाज वाढवला तर घुमाराही वाढतो. पंखा बंद करा, मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, आणि पडदे किंवा पुस्तकांची कपाटे असलेली खोली निवडा. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पातळी पाहताना सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा. शून्याला धडकून फाटलेला आवाज नीट दुरुस्त होत नाही. प्रत्येक वेळी आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून इअरफोनवर ऐका. ही सवय लागली तर अर्धे काम झाले.

प्रकाशाचे थोडक्यात. खिडकी पाठीमागे नको, समोर असावी. मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस व प्रकाश लॉक करा, म्हणजे हललात तरी चित्र उजळ-काळे होत राहणार नाही.

लांबी आणि फाइल

व्हिडिओ सहा मिनिटांच्या आत ठेवा. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख पाहणी-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही सहा मिनिटांपर्यंतचेच व्हिडिओ सर्वाधिक टिकून पाहिले गेल्याचे दिसले. शिकवण्याच्या संथ गतीत मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे संहिता सहाशे शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नका.

मोबाइलवर १०८० दर्जाने केलेले रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जागा घेते. तेच ७२० दर्जात, सेकंदाला दीड मेगाबिट या दराने बदलले की मिनिटाला ११-१२ एमबी होते. सहा मिनिटांचा व्हिडिओ मग सुमारे ७० एमबीत बसतो आणि कमी डेटा असलेल्या विद्यार्थ्यालाही उतरवता येतो. हे काम हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर करते. त्यात एच.२६४ ही व्हिडिओ-पद्धत आणि स्थिर फ्रेम-दर (सेकंदाला किती चित्रे) निवडा. नाहीतर मोबाइलचा फ्रेम-दर कमीजास्त होत असल्याने संपादनानंतर शेवटाकडे ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटतो.

ओबीएस या सॉफ्टवेअरने स्क्रीन रेकॉर्ड करताना एमकेव्ही हा फाइल-प्रकार निवडा. मध्येच वीज गेली तर एमपी४ फाइल सहसा उघडतच नाही, एमकेव्ही मात्र तिथपर्यंतची वाचते. पुढे ओबीएसमध्येच ती एमपी४ करून घेता येते. पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या साठवण-पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही. ड्राइव्ह बिघडलेला नसतो, तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा. आधी त्यातला मजकूर दुसरीकडे काढून ठेवा.

स्लाइड आणि उपशीर्षके

स्लाइडवरचा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवू नका. वाचणे आणि ऐकणे एकाच वेळी चालू झाले की लक्ष विभागते. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या संशोधनातला हा मुद्दा आम्ही प्रत्येक तुकडीत प्रत्यक्ष करून दाखवतो. स्लाइडवर आकृती ठेवा, स्पष्टीकरण तोंडाने द्या. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली देवनागरी दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांत बदलते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ हवा. पांढऱ्यावर पिवळे अक्षर प्रोजेक्टरवर दिसतच नाही.

उपशीर्षके मात्र वगळू नका. ज्याला ऐकू कमी येते त्याच्यासाठी धडा तिथेच असतो. उपशीर्षकांची एसआरटी फाइल जतन करताना ‘एन्कोडिंग’मध्ये यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतील. आपोआप तयार झालेली उपशीर्षके संज्ञा आणि आकड्यांपाशी हमखास चुकतात, तेवढी ओळीने तपासा.

चित्रे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची, म्हणजे निर्मात्याने वापरायला आधीच मुभा दिलेली, घ्या आणि निर्मात्याचे नाव, परवाना व दुवा त्याच स्लाइडवर द्या. परवान्यात ‘एनडी’ (बदल करण्यास मनाई) असेल तर चित्रावर मराठी नावे टाकून ते पुढे वाटता येत नाही. ‘बीवाय’ (श्रेय द्या) किंवा ‘बीवाय-एसए’ (श्रेय द्या, त्याच परवान्याने वाटा) असलेले निवडा. दुसऱ्यात तुमची सुधारित आकृतीही त्याच परवान्याने द्यावी लागते.

दोन सत्रांमधले तीन आठवडे

पहिल्या सत्रात तयार झालेला तुमच्या तुकड्याचा व्हिडिओ या काळात वर्गात वापरायचाच आहे. नुसता दाखवू नका. एच५पी या व्हिडिओत प्रश्न घालण्याच्या साधनाने तो मध्येच थांबवून ‘आता काय होईल?’ असा प्रश्न घाला. उत्तर लिहिल्यावरच पुढचा भाग उघडेल अशी सोय त्यात करता येते. विद्यार्थ्यांची उत्तरे, विशेषतः चुकलेली, जपून ठेवा. दुसऱ्या सत्रात ती समोर ठेवून आपण व्हिडिओचा नेमका कोणता भाग पुन्हा रेकॉर्ड करायचा ते ठरवू. उत्तरांवर विद्यार्थ्यांची नावे नकोत, हजेरी क्रमांकही काढून टाका.