चार पट्ट्या सोबत जात नाहीत

सोनेगाव विमानतळाच्या बाजूला तर्री-पोहे खाताना हमखास ऐकू येतं: ‘वैमानिक एकदा चार पट्ट्यांचा कॅप्टन झाला की झालं. कंपनी बदलली, तरी तिथं कॅप्टनच, अन् पगारही वाढून!’ नागपुरात हा समज जुना आहे. तो अर्धवट खरा आहे, म्हणूनच तो टिकतो.

वैमानिकासोबत जातं ते लायसन्स आणि लॉगबुकातले तास. भारतात एटीपीएलसाठी, म्हणजे कॅप्टनला लागणाऱ्या लायसन्ससाठी, किमान 1500 तास लागतात. ते कुणी काढून घेत नाही. ज्येष्ठता मात्र जुन्या कंपनीतच राहते. सुट्ट्या, बेस (कोणत्या शहरातून उडायचं), रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक), बढती यांत तिचं वजन मोठं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत तर वीस वर्षं विमान उडवलेला माणूसही नव्या कंपनीत ज्येष्ठतेच्या यादीत शेवटी लागतो आणि साधारणपणे सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत, तीन पट्ट्यांवर, पुन्हा सुरुवात करतो.

आपल्याकडे कॅप्टनची चणचण असली की थेट कॅप्टन म्हणून घेतातही, पण बहुतेकदा त्याच जातीच्या विमानाचा अनुभव असेल तर. 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली. तिथले बरेच जण बोइंग 737 चे. दुसरीकडे एअरबस 320 वर जायचं म्हणजे नवं टाइप रेटिंग, त्या जातीचं विमान उडवायची परवानगी: वर्ग, सिम्युलेटर, परीक्षा. चाळिशीतला माणूस पुन्हा वही घेऊन बसतो.

आणि ‘उद्या सोडली, परवा तिकडे’ हेही खोटं. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेच्या 2017 च्या नियमानुसार कॅप्टनला वर्षभराची नोटीस द्यावी लागते, सहवैमानिकाला सहा महिन्यांची. तेवढ्यात आपल्याकडे संत्र्याचे आंबिया आणि मृग दोन्ही बहार येऊन जातात.