साउंड (भूरूप)

दोन भूभागांच्या मधला किंवा जमिनीत आत शिरलेला समुद्राचा फाटा. तो बहुधा सामुद्रधुनीपेक्षा रुंद असतो. व्याख्या याहून घट्ट करता येत नाही, कारण सामुद्रधुनी, फ्योर्ड (हिमनदीने कोरलेल्या दरीत शिरलेला समुद्र), नदीची बुडालेली दरी आणि खारकच्छ (वाळूच्या पट्ट्यामागे अडलेले उथळ खारे पाणी) या सर्वांना नकाशावर हे नाव लागलेले आहे. नावे खलाशांनी ठेवली, तीही डेकवरून दिसले तशी. भूशास्त्र नंतर आले. म्हणून नुसत्या नावावरून भूरूप ओळखू नये. तिथे पाणी कसे शिरले, हे पाहावे.

या नावाचा ध्वनीशी काही संबंध नाही. इंग्रजीत ‘साउंड’ या एकाच उच्चाराखाली चार वेगळ्या कुळांचे शब्द एकत्र आले आहेत. आवाज या अर्थाचा शब्द लॅटिन ‘सोनुस’पासून फ्रेंचमार्गे आला. ‘धडधाकट’ या अर्थाचा शब्द जर्मन ‘गेझुंट’चा भाऊबंद आहे. दोरीला शिसे बांधून पाण्याचा ठाव घेणे, हा अर्थ फ्रेंच ‘सोंदे’वरून आला. समुद्राच्या फाट्याचे नाव मात्र प्राचीन नॉर्स या स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतील ‘सुंड’चे, त्याचा अर्थ पोहणे, तसाच चिंचोळे पाणी. माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीलाही इंग्रजीत याच कुळातून ‘साउंड’ म्हणत. कोकण किनाऱ्यावर घोळ माशाच्या ज्या बोताला मोठा भाव येतो, तीच ही पिशवी. मराठीत गंमत उलटी आहे: ‘सामुद्रधुनी’तील ‘धुनी’ म्हणजे संस्कृतात नदी, आणि ‘धुनि’ म्हणजे गर्जणारा. आवाज आहे तो आपल्या शब्दात.

मूळ अर्थाला सर्वांत जवळचा साउंड म्हणजे डेन्मार्क आणि स्वीडन यांमधील ओरेसुंड. हेल्सिंगोर आणि हेल्सिंगबोर्ग या गावांपाशी तो जेमतेम ४ किमी. रुंद आहे. त्यामुळे क्रोनबोर्गच्या किल्ल्यावरून बाल्टिक समुद्राची बहुतेक वाहतूक अडवता येई. डेन्मार्कच्या राजांनी १४२९ पासून १८५७ पर्यंत येथे जहाजांकडून जकात घेतली. २००० साली ओरेसुंडवर पूल आणि बोगदा मिळून रस्ता व रेल्वेमार्ग सुरू झाला.

न्यूझीलंडचा मिलफर्ड साउंड (माओरी नाव पिओपिओताही) हा खरे तर फ्योर्ड आहे. हिमनदीने कोरलेल्या, उभ्या कड्यांच्या दरीत समुद्र आला. तळ खोल, पण तोंडाशी उंबरठा उथळ, ही फ्योर्डची खूण येथे स्पष्ट आढळते. वर्षाला ६,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. पानगळीतले टॅनिन घेऊन उतरणारे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर चहाच्या रंगाचा थर धरते. हा थर प्रकाश अडवतो, म्हणून एरवी खोल समुद्रात राहणारे काळे प्रवाळ येथे थोड्याच खोलीवर वाढते. या साऱ्या प्रदेशाला पुढे फ्योर्डलंड असे नाव पडले, पण आतल्या फाट्यांची ‘साउंड’ ही नावे तशीच राहिली.

त्याच देशातील मार्लबरो साउंड हिमनदीचे नव्हेत. जमीन खचून आणि समुद्राची पातळी वाढून तेथील नद्यांच्या दऱ्या बुडाल्या. अशा किनाऱ्याला रिया म्हणतात. वाशिष्ठीची दाभोळ खाडी किंवा सावित्रीची बाणकोट खाडी पाहिलेल्याला ही रचना ओळखीची वाटेल: डोंगरांच्या सोंडा पाण्यात उतरलेल्या आणि भरतीचे पाणी वळणे घेत दूरवर आत जाणारे. फरक असा की कोकणात गाळ जास्त, त्यामुळे खाड्या भरत चालल्या आहेत.

अमेरिकेतील प्युजेट साउंड हिमनद्यांनी खोदलेला आहे. त्याला १७९२ मध्ये जॉर्ज व्हँकूव्हर या इंग्रज दर्यावर्दीने आपल्या अधिकाऱ्याचे नाव दिले. नॉर्थ कॅरोलायनातील पॅम्लिको साउंड या सर्वांहून निराळा. तो वाळूच्या लांबलचक बेटांमागचे उथळ खारकच्छ आहे. भरती-ओहोटीपेक्षा वाराच तेथील पाणी हलवतो. १५२४ मध्ये वेराझानो या इटालियन दर्यावर्दीने बाहेरून, वाळूच्या पट्ट्यापलीकडे हे पाणी पाहिले आणि तो पॅसिफिकच समजला. पुढे कित्येक वर्षे युरोपातील काही नकाशांवर उत्तर अमेरिका त्या जागी एका चिंचोळ्या पट्टीएवढी काढली जात होती.