१७ सप्टेंबरची सकाळ: उत्तरा नक्षत्राचा पाऊस आणि मुक्तिदिनाची पार्श्वभूमी

मराठवाड्यात १७ सप्टेंबरची सकाळ झेंडावंदनाने उजाडते. हा मुक्तिदिन, म्हणजे १९४८ मध्ये हैदराबादच्या निजामाच्या राजवटीतून सुटका झाल्याचा दिवस. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभापासून तालुक्याच्या तहसील कार्यालयापर्यंत सर्वत्र तिरंगा फडकतो, आणि त्याच सकाळी स्थानिक वर्तमानपत्रांत दोन छोट्या चौकटी शेजारीशेजारी छापलेल्या असतात. एकीत आजचे हवामान, दुसरीत आजचा दिनविशेष. वर्षातील इतर दिवशी या दोन चौकटींचा परस्परांशी संबंध नसतो. या एका दिवशी मात्र तो आहे, आणि तो केवळ योगायोगाचा नाही. शिवाय दोन्ही चौकटींना एकच मर्यादा आहे: आठ जिल्ह्यांचे हवामान एका सरासरीत बसत नाही, तसेच १९४८ च्या त्या आठवड्यात गावोगाव घडलेले एका तारखेत बसत नाही.

प्रथम हवामान. या सुमारास मराठवाड्यात सूर्य सकाळी सव्वासहाच्या मागेपुढे उगवतो, किमान तापमान साधारण २० ते २२ अंशांच्या दरम्यान असते, आणि हवेत दमटपणा पुष्कळ असल्याने सकाळ ढगाळ किंवा धुरकट असते. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या. त्यानुसार वायव्य राजस्थानातून पाऊस माघारी निघण्याची तारीख १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबर ठरली. मुक्तिदिन आणि परतीच्या पावसाचा कागदावरील आरंभ असे एकाच दिवशी आले. अर्थात राजस्थानात माघार सुरू झाली म्हणजे मराठवाड्यात पाऊस थांबला असे होत नाही. येथे तो ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत रेंगाळतो, आणि बहुतेक वर्षी सप्टेंबर हा हंगामाचा निकाल लावणारा महिना ठरतो.

याचे कारण भूगोलात आहे. जून-जुलैत अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीवर बहुतेक पाणी सांडून पुढे येतात, त्यामुळे मराठवाडा पर्जन्यछायेत राहतो. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होऊन पश्चिमेकडे सरकू लागली की त्यांचा पाऊस नांदेड, हिंगोली, परभणीकडून आत येतो. आष्टी-पाटोद्याच्या बाजूला वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटरच्या आत-बाहेर, तर किनवट-माहूरकडे ९०० ते हजाराच्या घरात पाऊस पडतो, तो याच कारणाने. पंचांगाच्या भाषेत हा काळ उत्तरा नक्षत्राचा. सूर्य साधारण १३ सप्टेंबरला उत्तरेत येतो आणि २७ च्या सुमारास हस्तात जातो. ‘न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा’ ही म्हण भातशेतीच्या प्रदेशातून आलेली आहे, पण तिचा हिशेब सोयाबीनच्या शेंगा भरण्याला, तुरीला आणि रब्बीच्या ओलीलाही तितकाच लागू पडतो.

पावसाच्या नोंदीची एक पद्धत या ठिकाणी सांगितली पाहिजे, कारण पुढच्या इतिहासाशी तिचे नाते आहे. पाऊस रोज सकाळी साडेआठ वाजता मोजला जातो आणि मागील चोवीस तासांचे पाणी त्या सकाळच्या तारखेवर लिहिले जाते. म्हणजे दप्तरात १७ सप्टेंबरला दिसणारा पाऊस बहुतांशी १६ तारखेच्या दुपारचा, संध्याकाळचा आणि रात्रीचा असतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरली जाते, आणि पंचनाम्यापासून नुकसानभरपाईपर्यंत सारे त्या आकड्यावर चालते. म्हणून साडेआठची ही रेषा शेतकऱ्याच्या दृष्टीने नुसती तांत्रिक बाब नाही. तारखेचा असाच घोळ किल्लारीच्या भूकंपाबाबतही होतो. कागदोपत्री तो ३० सप्टेंबर १९९३ चा, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांचा. लोकांच्या आठवणीत मात्र ती आदल्या दिवशीची, गणेश विसर्जनाची रात्र आहे.

आता दुसरी चौकट. १९४७ मध्ये हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६० लाख होती आणि त्याच्या सोळा जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे पाच मराठी भाषकांचे होते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्ये स्वतंत्र राहण्याचा इरादा जाहीर केला, आणि त्यामुळे १५ ऑगस्टची पहाट या पाच जिल्ह्यांत उजाडलीच नाही. लोकांची तयारी त्याआधीच झालेली होती. १९३७ मध्ये परतूर येथे संस्थानातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह आणि औरंगाबादच्या विद्यार्थ्यांची वंदे मातरम् चळवळ झाली. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, आशाताई वाघमारे ही नावे त्या काळातून पुढे आली.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षासाठी ‘जैसे थे’ करार झाला, पण प्रत्यक्षात काहीच जैसे थे राहिले नाही. लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीच्या नेतृत्वाखालील रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, उपद्रव वाढत गेला, हजारो कुटुंबे सीमा ओलांडून सोलापूर, बार्शी, मनमाड, उमरखेड या भागांत गेली आणि तेथेच स्टेट काँग्रेसची सशस्त्र शिबिरे उभी राहिली. ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक कार्यकर्त्यांनी लुटली. निजामाची राजवट रझाकारांच्या हाती गेल्याची खूण पटली ती ऑगस्ट १९४८ मध्ये, जेव्हा विलीनीकरणाची बाजू घेणारे हैदराबादचे पत्रकार शोएबुल्ला खान यांचा खून झाला.

संस्थानावरील भारतीय लष्कराच्या मोहिमेचा आराखडा दक्षिण विभागाच्या लष्करी अधिकाऱ्यांकडे बराच आधी तयार होता. प्रत्यक्षात सोमवारी, १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे चार वाजता मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या तुकड्या सोलापूरकडून संस्थानात शिरल्या. पंचांगाप्रमाणे हा उत्तरा नक्षत्र लागण्याचा सुमार. बोरी नदीवरील पूल शाबूत राहिलेला पाहून तो ताब्यात घेणे ही पहिली गरज होती, आणि तो हाती आल्यावर नळदुर्गचा किल्ला पडला. दुसरी तुकडी उजाडता उजाडता तुळजापूरला पोहोचली. तेथे निजामाच्या पायदळाशी आणि सुमारे दोनशे रझाकारांशी दोन तास चकमक झाली. त्यापुढे लोहाऱ्याकडे जाणारी वाट मात्र कोणा सैन्याने अडवली नाही, ती नदीने अडवली. पूर आल्यामुळे आगेकूच थांबवावी लागली. मोहिमेच्या वर्णनांत हा तपशील एका वाक्यात संपतो, परंतु सप्टेंबरमध्ये काळ्या रानातून बैलगाडी हाकलेल्या कोणालाही त्या वाक्याचे वजन कळेल. रणगाडे आणि मालमोटारी पक्क्या सडका आणि पूल सोडून फार दूर जाऊ शकत नव्हत्या, म्हणून नळदुर्गच्या पुलाला किल्ल्याइतकेच महत्त्व आले.

पश्चिमेकडून मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्या फौजा आल्या. १४ तारखेला दुपारी औरंगाबादच्या मुलकी प्रशासनाने शरणागती पत्करली. १५ तारखेला गुरख्यांची एक कंपनी जालन्यात ठेवून बाकीचे सैन्य लातूरकडे आणि तेथून मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे गेले. तेथे निजामाच्या गोवळकोंडा लान्सर्सनी नाममात्र प्रतिकार करून शस्त्रे खाली ठेवली. तात्पर्य, पावसाच्या नोंदीप्रमाणे येथेही तारीख घटनेच्या मागून आलेली आहे: १७ सप्टेंबर उजाडला तेव्हा मराठवाड्यातील बहुतेक मोठी गावे निजामाच्या हातून गेलेली होती. नळदुर्गची मुक्तीची सकाळ १३ तारखेची, औरंगाबादची दुपार १४ ची, जालन्याचा दिवस १५ चा. आडबाजूच्या खेड्यांपर्यंत बातमी आणि बदल पोहोचायला त्याहून अधिक वेळ लागला असणार.

मग १७ तारीख आली कोठून? ती हैदराबाद शहराची आहे, आणि सकाळपेक्षा संध्याकाळची अधिक आहे. त्या शुक्रवारी संस्थानाचे पंतप्रधान मीर लायक अली यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, सायंकाळी पाच वाजता युद्धबंदी लागू झाली, आणि निजामाने आकाशवाणीवरून ती जाहीर केली. औपचारिक शरणागती तर आणखी एक दिवस पुढची. १८ सप्टेंबरला दुपारी चारच्या सुमारास हैदराबादचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधरींसमोर शरणागती दिली. हैदराबादचे गाऱ्हाणे त्या वेळी पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेपुढे होते आणि १६ तारखेला त्यावर चर्चाही झाली होती. परंतु १७ तारखेला जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ फोक बर्नाडोट यांची हत्या झाली, आणि जगाच्या दिनविशेषात त्या तारखेपुढे हीच नोंद ठळक राहिली.

मुक्तिदिनाच्या भाषणांत एक भाग सहसा येत नाही, आणि पार्श्वभूमी सांगताना तो वगळणे योग्य नव्हे. लष्करी कारवाई चालू असताना आणि तिच्यानंतर अनेक ठिकाणी मुस्लिम वस्त्यांवर सूड उगवण्यात आला. भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाठवलेल्या मंडळाने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा यांची नावे घेतली, आणि मृतांचा अत्यंत सावध अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला. हा अहवाल अनेक दशके दप्तरबंद होता. २०१३ मध्ये तो लोकांना पाहता आला. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे आहेत, त्यांत हौतात्म्य पत्करलेल्यांचे मोलही मोठे आहे. त्यांच्या शेजारी हे सत्यही त्याच सप्टेंबरचे आहे.

पाच मराठी जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळे झाल्याने त्यांचे आठ झाले. जुन्या संस्थानाचे इतर भाग कर्नाटक आणि तेलंगणाकडे गेले, त्यामुळे हीच तारीख आज तीन राज्यांत तीन नावांनी पाळली जाते. कर्नाटकात ती कल्याण कर्नाटक उत्सवाची आहे, आणि हैदराबादेत केंद्र सरकार २०२२ पासून हैदराबाद मुक्तिदिन म्हणून ती साजरी करते. तेलंगणात मुक्ती म्हणायचे, विलीनीकरण म्हणायचे की एकात्मता, यावर राजकीय पक्षांत दरवर्षी वाद होतो. मराठवाड्यात तसा वाद नाही. येथे वाद होतो तो पाण्याचा.

त्याची मुळेही संस्थानकाळातच आहेत. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुराने हैदराबाद शहरात हजारो बळी घेतले. उपसागरावरून आलेल्या सप्टेंबरच्या पावसाचाच तो पूर होता. त्यानंतर विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने राजधानीसाठी उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय बांधले गेले. मांजरा नदी उगम पावते बीड जिल्ह्याच्या बालाघाटात आणि वाहते लातूरकडून, पण संस्थानाने तिच्यावर बांधलेले मोठे धरण, निजामसागर, १९३१ मध्ये निजामाबाद जिल्ह्यात पूर्ण झाले आणि त्याचे पाणी तेलंगणाच्या शेतांना मिळाले. संस्थान गेले तेव्हा मराठवाड्याच्या वाट्याला तशा तोलाचे एकही धरण नव्हते. पैठणच्या जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ मध्ये आणि उद्घाटन इंदिरा गांधींच्या हस्ते १९७६ मध्ये झाले. मुक्तीनंतर पहिली मोठी उत्तरपत्रिका लिहायला अशी अठ्ठावीस वर्षे लागली.

म्हणूनच मुक्तिदिनाच्या सकाळी मुख्यमंत्र्यांच्या भाषणात हुतात्म्यांना अभिवादन झाले की लगेच सिंचनाचे आकडे येतात, आणि श्रोते प्रामुख्याने तेच ऐकायला थांबलेले असतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये संभाजीनगरात झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत सुमारे ४९ हजार कोटींची, आणि मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त १६ सप्टेंबर २०२३ च्या बैठकीत ४५ हजार कोटींहून अधिक रकमेची घोषणा झाली. त्यांतील किती पाणी शिवारात उतरले हे भाषणावरून ठरत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते, तर २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस धाराशिव, बीड आणि लातूरमधील शेते पुराखाली गेली. दोन्ही वर्षांच्या मध्ये याच भाषणांची मालिका आहे.

सकाळच्या हवामानाच्या चौकटीकडे संभाजीनगर-जालन्याच्या वाचकाची नजर सप्टेंबरात आणखी एका कारणाने जाते. जायकवाडी भरते ते प्रामुख्याने नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील पावसावर, आणि वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचे की नाही याचा हिशेब १५ ऑक्टोबरचा साठा धरून केला जातो. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, तोवर ६५ टक्क्यांपर्यंत पोहोचला नसेल तर समन्यायी वाटपाचा, म्हणजे वरच्या आणि खालच्या धरणांत पाणी न्याय्य प्रमाणात वाटण्याचा, प्रश्न उभा राहतो, आणि झेंडावंदनानंतर त्यासाठी जेमतेम चार आठवडे उरलेले असतात.